मामीचा नवा गुडघा

ऑपरेशन झालेल्या मामीला भेटायला मी नांदुऱ्याच्या स्टँडवर जळगाव जामोदच्या गाडीची वाट पाहत होतो, तेवढ्यात मामाचा फोन आला. "ये बापा... पन आता मामी नाही भेटाची तुले."

संत्र्याची बाग मामाच्या नावावर, पण खरी मामीची. कोणत्या झाडाला डिंक्या रोग लागलाय हे तिला आधी कळायचं. गुडघे गेले आणि ती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला झाडांची खुशाली विचारू लागली. शेवटी धीर करून तिनं अकोल्यात गुडघा बदलून घेतला. घरी आल्यावर मामानं तिला गाडीतून बांधापर्यंत नेलं. वॉकर धरून ती पहिल्या झाडापर्यंत गेली, पानांवरून हात फिरवला आणि लहान पोरीसारखी हसली म्हणे.

पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. काही दिवसांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, मांडीवर निळे डाग उमटले. अंगात रक्त कमी आहे, हेच तिला आयुष्यभर प्रत्येक डॉक्टरनं सांगितलेलं.

"जिंदगीभर रक्त वाढवाच्या गोळ्या खाल्ल्या, आता पातळ कराच्या काऊन खाऊ?"

"डॉक्टरले इचारून घेऊ ना," मामा म्हणाला.

"तपासनीले जानारच हावो, तवा इचारू."

तिनं गोळ्या बंद केल्या. मग पोटरी सुजली, दुखू लागली. ऑपरेशनचा पाय म्हटल्यावर दुखणारच, असं सगळ्यांनी धरलं. एका सकाळी वेणी घालता घालता तिला दम लागला. दवाखान्यात नेताना, खामगाव यायच्या आत, गाडीतच ती गेली.

नंतर मामा अकोल्याला डॉक्टरांकडे गेला. मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली असावी. रक्त आलं तर लगेच कळवायचं असतं, मनानं गोळी थांबवायची नसते. मामा खाली मान घालून ऐकत होता.

"म्हंजे त्या गोळीनं तिचं रक्त आटनार नव्हतं?"

"नाही. ती फक्त रक्त गोठू देत नाही."



आता शेजारच्या सुमनबाईंचा गुडघा बदललाय. मामा रोज जेवण झालं की त्यांच्याकडे जातो, गोळी घशाखाली उतरेपर्यंत दारात उभा राहतो. परवा मीही गेलो होतो. सुमनबाई दंडावरचा काळानिळा डाग दाखवत म्हणाल्या, "भाऊ, मले भेव लागते. बंद करू काय?"

मामानं डॉक्टरांना फोन लावला आणि सुमनबाईंच्या हातात दिला.

"बोला," तो म्हणाला. "मी हावो इथंच."