भेटायला सोडतात का

माझ्या कमरेच्या मागच्या बाजूला, हाडाजवळ, सुईचे दोन बारीक डाग आहेत. कपड्याखाली असतात, कोणाला दिसत नाहीत. पण गावात सगळ्यांना ठाऊक आहेत. लग्नाकार्यात कोणीतरी पाहुण्याला माझी ओळख करून देतो, "हेच ते. भावाले आपल्या हाडातलं काढून देल्लं यायनं." पाहुणा हात जोडतो. मीही जोडतो. इतकी वर्षं मी हा नमस्कार घेत आलो. तो माझा नाही.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. सानगडीजवळच्या आमच्या गावी धानाची शेती तोच करायचा. वडील गेल्यावर त्याने शाळा सोडली, मला शिकवलं, आणि मी जिल्ह्याच्या कचेरीत कारकून झालो. भंडारा जिल्हा फुटला तेव्हा माझ्या वाट्याला गोंदिया आलं; भंडाऱ्याला परत यायला बरीच वर्षं गेली. आम्ही भेटायचो ते सणाला आणि धानाच्या रोवणीला. बोलणं पावसाचं, धानाचं, आईच्या गुडघ्यांचं. समोरासमोर दहा मिनिटं बसलो की दोघांपैकी एकाला बाहेरचं काम आठवायचं.

त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग मांड्यांवर निळे डाग. नागपूरच्या रक्ताच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हाडाच्या आत रक्त तयार होणंच थांबलं आहे, बोन मॅरो बदलावा लागेल. माझा जुळला. ते डॉक्टर स्वतः हे काम करत नसत. त्यांनी दोन ठिकाणं सांगितली. एक नागपुरातच, नुकतंच सुरू झालेलं. दुसरं दक्षिणेत, रेल्वेने एक दिवस न् वर, पण तिथे हे काम जुनं. मग कागद ओढून त्यांनी प्रश्न लिहून दिले. भावंडाचा मॅरो घेऊन आजवर किती जणांचं केलं, त्यातले किती बरे झाले, खोली वेगळी आणि हवा गाळलेली आहे का, रक्तपेढी आवारातच आहे का, सुट्टी झाल्यावर पहिले शंभर दिवस रुग्ण कुठे राहील, ताप आला तर किती वेळात दाखल करता येईल. असे अकरा प्रश्न.

"दोन्हीकडे फोन लावा, उत्तरं लिहून घ्या, मग ठरवा," ते म्हणाले. "तुम्ही कचेरीतले आहात, तुम्हाला जमेल."

कचेरीतल्या जिन्याखाली उभं राहून मी आधी दक्षिणेत फोन लावला. फोनवरची बाई हिंदीत, सावकाश उत्तरं देत होती. मी लिहीत होतो. शंभर दिवसांच्या प्रश्नाला ती म्हणाली की रुग्ण आमच्या आवाराजवळच्या खोलीत राहील. सोबत एकच माणूस, शेवटपर्यंत तोच. भेटायला कोणीही येणार नाही. औषधाच्या वेळा आणि तापाचा तक्ता त्या माणसाने ठेवायचा. मग तिने विचारलं, "साथ में कौन रहेगा?"

मी म्हणालो, "बताता हूँ."

आई अंथरुणाला, वहिनी तिच्या मागे. म्हणजे मीच. शंभर दिवस एका खोलीत मी आणि भाऊ. मला सुईची भीती नव्हती. मला त्या खोलीची भीती वाटली. तो काय बोलेल, मी काय बोलेन, तो रडला तर मी कुठे पाहू. मी कागदाची घडी केली. नागपूरला फोन लावला तेव्हा अकरातला एकच प्रश्न विचारला, घरी कधी सोडता. ते म्हणाले, तब्येत पाहून साधारण महिन्याभरात, पण पुढे तीन महिने नागपुरातच खोली घेऊन राहिलेलं बरं. मी लिहिलं, "महिनाभर."

रविवारी गावी घरच्या सपरीत, पुढच्या पडवीत, सगळे बसले. आमच्याकडे कोणी दवाखान्यात पडलं की गाव जातं. गाडी भरून जातं. जो गेला नाही त्याचं नाव वर्षानुवर्षं निघतं, आणि ज्याच्याकडे कोणी गेलं नाही तो माणूस हयात असून वाया गेला असं धरतात. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी ते वाक्य बोललो.

"तिकडे कोणाले भेटू देत नाही. चार महिने."

"दवाखाना आहे का जेल आहे बाप्पा तो?" मामा म्हणाले.

आतून आई रडायला लागली. "माह्या लेकाचं तोंड नाही दिसन मले."

"अना नागपूरले?" वहिनीने विचारलं.

"नागपूरले महिन्याभरात घरी."

भाऊ खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "तू इचारलं ना सगळं?"

"विचारलं."

"मंग तू म्हणशीन तसं."

नागपूरच्या लोकांनी त्यांचं काम चोख केलं, हे मी स्पष्ट लिहितो. माझा मॅरो त्याच्या अंगात धरला. सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा बजावलं, इथेच खोली घ्या, गर्दी नको, धूळ नको. मी म्हणालो, "दोन-अडीच तासांचाच तर रस्ता आहे साहेब."

घरी आणला तेव्हा चुरणे चालू होते. घरामागे मळणीचं मशीन, भिंतीला लागून तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, ढीग. अड्याळहून आत्याकडचे आले. वहिनीच्या माहेरचे आले. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं, ते नव्या वसाहतीतून टेम्पो करून आले. भाऊ तोंडाला मास्क लावून अंगणात बसायचा, आणि वडीलधारं माणूस आलं की मास्क खाली करायचा. तोंड झाकून मोठ्यांशी कसं बोलायचं? एका रविवारी मी निघालो तेव्हा त्याने विचारलं, "थांबतं का दोन दिवस?"

"ऑफिस आहे," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात ताप आला, मग खोकला. फुप्फुसात बुरशी गेली होती, अशी तणसात असते तसली. परत नागपूर. अकराव्या दिवशी तो गेला. तिकडे वाचला असता असं कोणी सांगू शकत नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मी तो कागद घेऊन वहिनीकडे गेलो. ती शेतातल्या बांधीत लाखोळीची भाजी खुडत होती. मी उभ्या उभ्या अकराही प्रश्न वाचून दाखवले, आणि कोणते विचारले नाहीत ते सांगितलं. खोलीचंही सांगितलं. तिचे हात चालूच होते.

"एकच माणूस राहा लागत होता म्हणता?"

"हो."

"मंग मले काहून नाही सांगतलं? मी राह्यली असती."

"तापाचा तक्ता लिहा लागत होता वहिनी. अना आई..."

"आईले तुमच्या घरी ठेवलं असतं, भंडाऱ्याले." ती आता थांबली. "अना ताप मीच लिहीत होती नागपूरले. नर्सबाईनं शिकवलं होतं. तुमी पाह्यलं नाही का ते?"

मी पाहिलं नव्हतं. खाटेच्या पायथ्याशी लटकलेल्या त्या पाटीवरचं अक्षर कोणाचं, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या सपरीत ती माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. मी तिच्याकडे वळून नुसतं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

तिने हात पुसून कागद मागितला. चार घड्या करून पदराला बांधला, आणि पुन्हा खाली वाकली. "जेवून जा" म्हणाली नाही. वहिनीच्या तोंडून मला ते आजवर कधी चुकलं नव्हतं.

मागच्या महिन्यात गावात लग्न होतं. मांडवात एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्याला म्हणाला, "हेच ते." बायकांच्या पंगतीत वहिनी वाढत होती, तिने वर पाहिलं. पाहुण्याने हात जोडले. म्हणजे तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही.