वाढत्या अंगाचं कापड

कापड किती आणायचं हे विचारायला आलेली बाई हमखास खोटं बोलते. स्वतःचं माप कमी सांगते आणि नवऱ्याची ऐपत जास्त! दौलतगंजात कमलताईंच्या शिवणक्लासला आम्ही चार-पाचजणी जायचो. तिथे शिवण कमी शिकलो, किस्सेच जास्त जमले.

*

किला गेटच्या एक वहिनी पाऊण वार कापड घेऊन आल्या. "यात माझा ब्लाउज काढा न, ताई!"

ताईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ब्लाउज निघेल हो. घालणार कोण?"

*

संस्थान विलीन झालं, मग राजधानीही भोपाळला गेली आणि आमच्या लष्कर शहरातल्या निम्म्या नोकरदारांच्या ट्रान्सफर निघाल्या. जी ती पडद्यांचं कापड विचारायला हजर! ताई विचारायच्या, "खिडकी केवढी?"

"ताई, आधी क्वार्टरच्या भिंती तर उठू द्या!"

*

दरबारात नोकरी केलेले एक आजोबा वारले. त्यांच्या रेशमी पागोट्यातून सुनेने दोन मुलींचे परकर बेतून घेतले. कापड अगदी पुरलं. पण परकर नेसला की दोघी एकच रड लावायच्या, "आई, डोकं जड झालंय!"

आम्ही खूप हसलो. दोन-चार दिवसांनी सुनेने ते परकर आणून ताईंच्या पुढ्यात टाकले. ताईंनी त्यांना हातसुद्धा लावला नाही.

*

खासगी बाजारातला कापडवाला ताईंना टरकून असे. त्याने मापात हात मारला की ताई मागून नुसतं म्हणायच्या, "फिर से!"

एकदा ताई तापाने घरी पडल्या होत्या, म्हणून मी एकटीच गेले. त्याने मापलं, माझ्या खांद्यामागे बघितलं आणि वरमला. "अच्छा बहनजी, फिर से नापता हूँ."

मी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. कापड मात्र चार बोटं वाढलं!

*

आता इंदूवहिनींचं सांगते. त्यांचा एकुलता एक मुलगा लहानपणीच तापाने गेला. तरी दर दिवाळीला त्या त्याच्या सदऱ्याचं कापड विचारायला यायच्या. "वाढत्या अंगाचा आहे, ताई. शिवणीत दाब जरा जास्त ठेवा, पुढे उसवून वाढवता येईल." ताई मुकाट्याने गेल्या वर्षीपेक्षा थोडं जास्त सांगायच्या. आम्हाला वहिनींची फार दया यायची.

मग त्यांच्या यजमानांचाही तबादला झाला. वहिनी नवा सदरा मांडीवर घेऊन क्लासमध्ये ढसाढसा रडल्या. "भोपाळ तर त्याने बघितलंच नाही, ताई. मी गेले तर तो मला कुठे शोधेल?"

ताई म्हणाल्या, "सदरा इथेच खुंटीला राहू दे. आला तर मी पत्ता सांगेन."

वहिनी गेल्या. थोड्या दिवसांनी बघतो तर खुंटी रिकामी! कुलूप जसंच्या तसं आणि किल्ली ताईंच्या कमरेला. चोरी झाली असणार, असं आम्ही ठरवून टाकलं. वहिनींना मात्र कुणी कळवलं नाही. कोणत्या तोंडाने कळवणार?

पुढच्या दिवाळीला त्या माहेरपणाला आल्या आणि थेट क्लासमध्ये शिरल्या. मी चटकन रिकाम्या खुंटीपुढे जाऊन उभी राहिले. सदरा मागितला तर?

वहिनींनी हसत पिशवीतून तोच सदरा काढला. कॉलर घामाने मळली होती.

"गळ्यात घट्ट होतोय, ताई. या खेपेला सव्वादोन वार आणू न?"

ताईंनी सदरा हातात घेतला, बाहीचा दाब चाचपला. तो सगळा उसवून झाला होता.

"अडीच आणा," ताई म्हणाल्या.