यानाची झाकणी

रविवारी दुपारी प्रेम नगरमधल्या आमच्या घरी घनघोर अंतराळयुद्ध झालं... आणि ग्वाल्हेरला बँकेत मॅनेजर असलेली माझी बेचाळीस वर्षांची ताई त्यात आघाडीवर होती.

आधी थोडं मागचं सांगतो. आम्ही झाशीचे जुने मराठी. पूर्वज फौजेबरोबर आले आणि इथलेच होऊन गेले. बाहेर हिंदी, घरात मराठी, असा आमच्याकडचा शिरस्ता... तो माझ्या लेकीपाशी येऊन अडकलाय. ईरा सातवीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं हिंदीत.

ताई शनिवारी सकाळी दोन दिवसांसाठी आली. ती मराठीत विचारायची आणि ईरा "जी बुआ", "नहीं बुआ" एवढंच म्हणून खोलीत पसार व्हायची. संध्याकाळपर्यंत ताईच हिंदीत बोलायला लागली. बोलून दाखवलं नाही तिने, पण चेहरा उतरला होता. एकुलती एक भाची, आणि तिच्याशी पाहुण्यासारखं बोलायचं... मलाही फार वाईट वाटलं. रविवारी संध्याकाळच्या गाडीने ती परत जाणार होती.

रविवारी जेवणं झाल्यावर ईराने टीव्हीवर एक ॲनिमेटेड सिरीज लावली. एक छोटं लढाऊ यान, पुढे बसलेली मुलगी ते चालवतेय, मागे बसलेला म्हातारा ढाल आणि क्षेपणास्त्रं सांभाळतोय... मी पेपर खाली ठेवला. ताईने सुपारी कातरायची थांबवली. अरे, हा तर आमचाच गेम!

मी नववीत आणि ताई बारावीत असताना सदर बाजारातल्या एका सायबर कॅफेत आम्ही हा गेम खेळायचो. एक कीबोर्ड, दोघांचे चार हात. यान मी उडवायचो, मागची कामं ताईची. समोरच्या कॉम्प्युटरवर शत्रू म्हणून इतर मुलं असायची. त्यांना कळू नये म्हणून आम्ही एकमेकांना मराठीत ओरडून सूचना द्यायचो, आणि स्वतःला भलतेच हुशार समजायचो.

एका आठवड्यात एका नव्या मुलीने आम्हाला सलग तीन दिवस धूळ चारली. आम्ही डावीकडे वळायच्या आत ती डावीकडे हजर! चौथ्या दिवशी जाताना तिने शांतपणे विचारलं, "उद्या किती वाजता येताय?" तिचे वडील इंजिनिअर, नुकतेच नागपूरहून बदली होऊन आलेले... झाशीत आपल्याशिवाय कुणाला मराठी येतच नाही, या आमच्या भ्रमाचा भोपळा तिथेच फुटला.

मग ताईने युद्ध थेट स्वयंपाकघरात नेलं. ढाल म्हणजे झाकणी. क्षेपणास्त्र म्हणजे लाटणं. इंधन संपत आलं की 'तूप खरवडतेय', आणि तळावर परतायचं असेल तर 'ओट्यावर ये'. नागपूरकरीण शेवटपर्यंत चक्रावलेली राहिली.

तर रविवारी पडद्यावरचं यान शत्रूंनी घेरलं आणि ताई सोफ्यावरून ओरडली, "अरे झाकणी घाल! झाकणी!" पाठोपाठ मी, "लाटणं सोड, लाटणं!"

ईराने सिरीज थांबवली. "आप दोनों ठीक हो ना?"

आम्ही तिला सगळं सांगितलं. नागपूरकरणीचा किस्सा ऐकून ती पोट धरून हसली. मग उठली आणि लॅपटॉप घेऊन आली. या गेमची नवी आवृत्ती ती शाळेतल्या मैत्रिणींविरुद्ध ऑनलाइन खेळते, आणि तिची नेहमीची जोडीदारीण त्या दिवशी लग्नाला गेली होती. तिने सरळ ताईचा हात धरून तिला शेजारी बसवलं. मला कुणी विचारलंही नाही.

पहिली दोन युद्धं ताईमुळे हरली. तिसऱ्यात पलीकडच्या मुली लॅपटॉपच्या स्पीकरमधून हिंदीत खिदळत होत्या. यान घेरलं गेलं, ताई बटण शोधत बसली, आणि माझी मुलगी जिवाच्या आकांताने किंचाळली, "आत्या! झाकणी घाल! लवकर घाल ना, आत्या!"

बुआ नाही... आत्या.

ताईचे हात क्षणभर थांबले. मग तिने अशी काही झाकणी घातली म्हणता! ते युद्ध जिंकलं. पुढचंही जिंकलं. दोघी अखंड मराठीत भांडत होत्या, बायकोने दोनदा गरम केलेला चहा तिसऱ्यांदा गार झाला, आणि गाडीची वेळ मलाच आठवण करून द्यावी लागली.

ऑटोत बॅग ठेवली. ईरा फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "आत्या, तू परत कधी येणार आहे? मी तुझा खूप वाट बघणार."

सवयीने माझं तोंड उघडलं. शब्द बाहेर पडायच्या आत ताईने माझं मनगट असं दाबलं की मी गप्पच झालो.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही मुलगी चार वर्षांची असताना दिवसभर मराठीत चिवचिवायची. आणि मी, शुद्ध मराठीचा मोठा अभिमानी, तिचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करायचो. पाहुण्यांसमोरसुद्धा. चुकलं की थांबवायचो, पुन्हा म्हणायला लावायचो... हळूहळू ती हिंदीत निघून गेली, जिथे तिला कुणी थांबवत नव्हतं. आणि मी इतकी वर्षं शाळेला, शेजाराला, टीव्हीला दोष देत बसलो होतो.

"बघ हं वाट," ताई म्हणाली, "दिवाळीच्या आधीच येते." ऑटो निघाला. ईरा वळून मला काहीबाही सांगत राहिली, अर्धं मराठी, अर्धं हिंदी... आणि मी पहिल्यांदाच तिचं बोलणं मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकलं. फार गोड बोलते हो माझी मुलगी.