जिन्यात न वाचलेलं पान

चाळीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या. छापखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, लोकांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची आणि उरलेल्या वेळात मुलांसाठी गोष्टी लिहायची. घरच्यांच्या भाषेत, तिचं ते चिऊ-काऊ चालायचं. थोरला भाऊ जाडजूड कादंबऱ्या लिही. त्या कुणी शेवटपर्यंत वाचल्याचं ऐकिवात नव्हतं. हिने वाचल्या, कारण तपासायला तिच्याकडेच यायच्या. सत्कार मात्र त्याचे व्हायचे.

"आता तरी मोठ्यांसाठी काहीतरी लिही गं," तो दर भेटीत म्हणे.

"मुलांसाठी लिहिण्यात फायदा आहे, दादा. मूल भीडभाड ठेवत नाही, कंटाळलं की उठून जातं. तुझे वाचक बिचारे कंटाळूनही सत्काराला येतात."

भाऊ हसायचा. टोमणा कळूनही न कळल्यासारखं करण्याइतका तो मोठा लेखक झाला होता.

हा फायदा ती नुसता बोलून दाखवायची नाही, वापरायची. संध्याकाळी पाच वाजता इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वरच्या पायऱ्यांवर, पाच-सात पोरं गोळा व्हायची आणि ही नवी गोष्ट वाचायची. कागदावर नजर एक, पोरांवर एक. कुणी गुडघा खाजवला, कुणी खाली डोकावलं की समासात पेन्सिलीची फुली. फुलीची ओळ घरी जाऊन काढून टाकायची. जिन्यात वाचल्याशिवाय एक ओळ छापायला द्यायची नाही, हा तिचा नेम. तिथली सगळ्यात खट परीक्षक म्हणजे का-बाई, दुसऱ्या मजल्यावरची आठ वर्षांची पोर. वाक्यावाक्याला "का?" विचारून जीव नकोसा करायची.

मासिकांत गोष्टी पुष्कळ आल्या, पुस्तक एकही नाही. निवृत्तीनंतर तिने एक मोठी गोष्ट लिहिली. आजोबांना नातीचं नाव आठवत नाही, म्हणून ते तिला रोज नव्याच नावाने हाक मारतात आणि ती प्रत्येक हाकेला ओ देते. शेवटच्या दिवशी आजोबा हाक मारतच नाहीत. नात त्यांच्या उशाशी बसते आणि तरीही म्हणते, "ओ." संपली गोष्ट.

जिन्यात हे वाचलं त्या दिवशी एकाही समासात फुली पडली नाही. का-बाईने "का?" विचारलं नाही. तिनेही हळूच "ओ" म्हटलं. घरी येऊन ही बाई स्वयंपाकघराचं दार लावून आनंदाने रडली. एवढ्या वर्षांत तिचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

प्रकाशकाला मात्र शेवट पटला नाही. "बाई, पुस्तक विकत घेणार आईबाप. त्यांना मरणबिरण चालत नाही. आजोबांना उठवा, नाव आठवू द्या, वर दोन शब्द शिकवणुकीचे टाका. नाहीतर राहू द्या."

तिने भावाला फोन केला. "एका पानाने काय बिघडतं?" दादा म्हणाला. "मुलांना काय कळतंय त्यातलं?"

त्याच्यावर ती चिडली, पण वय एकसष्ट होतं, उजव्या डोळ्यासमोर धूसर व्हायला लागलं होतं आणि स्वतःचं एक तरी पुस्तक हातात धरायची हाव सुटत नव्हती. प्रकाशकाच्या टेबलाशी बसून तिने वीस मिनिटांत पान लिहून दिलं. ते जिन्यात गेलंच नाही. वेळ नव्हता असं तिने स्वतःला सांगितलं. खरं तर हिंमत नव्हती.

पुस्तक आलं. रंगीत वेष्टन, वर ठळक तिचं नाव. एक प्रत घेऊन ती पाच वाजता जिन्यात बसली. पोरं ऐकत होती. नातीने "ओ" म्हटलं, तेव्हा तिने तिथेच थांबायचं ठरवलं होतं, पण का-बाई तिच्या खांद्यावरून पाहत होती.

"अजून एक पान आहे, मावशी."

तिने वाचलं. आजोबा उठून बसले. त्यांना नाव आठवलं. "तर मुलांनो, वडीलधाऱ्यांना नेहमी जीव लावावा." एकाने चपलेचा पट्टा ओढला. दोघं उठून खाली गेली. तिचा हात सवयीने समासाकडे गेला. पेन्सिल टेकली, फुली उमटली आणि मग तिच्या ध्यानात आलं की हे छापलेलं आहे.

"आजोबा का उठले?" का-बाईने विचारलं.

तिने फुलीवर अंगठा ठेवला.

"हे तू नाही ना लिहिलंस?"

किती सोपं होतं, प्रकाशकाचं नाव सांगणं.

"मीच लिहिलं," ती म्हणाली.

का-बाईने वेष्टनावरचं नाव एकदा वाचून खात्री करून घेतली, पुस्तक परत मावशीच्या मांडीवर ठेवलं आणि काहीही न विचारता जिना उतरून गेली.