आबांचा राब

इंग्रजांच्या राज्यात, मोठ्या लढाईच्या दिवसांत पुण्याकडून रात्री विमानं यायची. शिकाऊ पोरं अंधारात विमान चालवायला शिकतात, एवढंच आम्हाला ठाऊक. घरघर सुरू झाली की आई म्हणायची, आली मेली जातं फिरवायला. आम्ही भावंडं अंगणात वाकळेवर पडून त्यांचे दिवे शोधायचो आणि कुणाला आधी दिसला यावरून भांडायचो. ते भांडण आठवलं की आजही हसू येतं.

आमचं घर बेडशात, डोंगराच्या पायथ्याशी. वैशाखात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे. वावराच्या एका तुकड्यावर शेण, टहाळ, पाचोळा पसरायचा, वर माती भुरभुरायची आणि वारा पडला की पेटवायचं. तो वास कुठं आला तर मी अजून वाटेत उभी राहते, लोकांना वाटतं म्हातारीला चक्कर आली. राबाचा एक दंडक होता. आग सुटून डोंगराच्या गवताला लागली, तर ज्याचा राब त्यानं हिरवी फांदी घेऊन सगळ्यांच्या पुढं धावायचं. मागं राहणाऱ्याला गाव वर्षभर सुनावायचं.

त्या संध्याकाळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमचा राब भाजला. आभाळ भरून आलं होतं. रात्री मोठा आवाज झाला, तो वळवाचा गडगडाट वाटला. बाहेर आलो तर वरचं रान लाल झालेलं. विमानाचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आबांनी राबाकडं पाहिलं, त्यात अजून विस्तव होता. माझाच सुटला, एवढं म्हणून त्यांनी जांभळीची फांदी मोडली आणि धावत सुटले. मागोमाग सारा गाव.

सकाळी आई आणि मी पाण्याच्या कळश्या घेऊन वर गेलो. करवंदीच्या जाळीत विमानाचा पंखा मोडून पडला होता. आतली माणसं जागीच दगावली होती. गावकऱ्यांनी त्यांच्यावर आपली घोंगडी पांघरली होती आणि आबा शेजारी बसले होते. आपलं माणूस येईपर्यंत मेलेल्याला एकटं सोडायचं नसतं, म्हणून ते रात्रभर हलले नव्हते. वर पोचल्यावर ही आपली आग नव्हे हे कळलं, तेव्हा घटकाभर बरं वाटलं, असं त्यांनी आईला सांगितलं. मग त्यांची नजर खाली गेली. काळोखात सगळ्या शिवारात तेवढा आमचाच राब धगधगत होता. पोरं त्यालाच उतरायच्या जागेचा दिवा समजून भुलली असतील, हे त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. गावानं बजावलं, तोंड उघडू नको, तुरुंगात टाकतील. आईनं तर हात जोडले.

दुपारी शिपाई घेऊन गोरा साहेब आला. दुभाषी म्हणून मळवली स्टेशनाचे मास्तर होते. रात्री खाली कुठं उजेड होता का, साहेबानं विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आबा उठले.

"माझा राब व्हता, सायेब. इस्तू इझला न्हवता. पोरं त्याला भुलली आसतील तर मला घिऊन चला."

आईनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब घोंगड्यांकडं बघत हळूच काहीतरी बोलला. मास्तर वळून म्हणाले, "साहेब म्हणतात, विमान डोंगराच्या पलीकडून आलं, ढगात होतं. तुमचा विस्तव त्यांना दिसलाच नसणार."

आबा सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. पुढच्या वैशाखात त्यांनी पुन्हा राब भाजला. पुढं खूप वर्षं जगले, आम्हा पोरांची लग्नं केली, नातवंडं खांद्यावर फिरवली. डोंगराचा विषय निघाला की साहेबाचे ते शब्द ते ऐकवायचे आणि मग स्वस्थ झोपायचे.

आबांच्या दहाव्याला मास्तर आले होते, काठी टेकत. मी म्हटलं, तुमच्या साहेबाच्या त्या बोलण्यानं आमचा माणूस जगला.

मास्तर म्हणाले, "ते ढगाचं मी म्हणालो होतो, बाई. साहेब एवढंच म्हणाला, फार लहान होती हो मुलं."

मी त्यांच्या पाया पडले. उठताना मात्र रडू आवरेना, आबांसाठी, आणि इतक्या वर्षांनी त्या मुलांसाठीही.