पाहुण्यांच्या बाजूने रंगवलेली नाव

"ऑपरेशनात डोळाच गेला तर? आधी मना खिया दखाड," असं माझ्या नणंदेनं, सिंधूअक्कांनी, मोतीबिंदूच्या डॉक्टरांसमोरच मला बजावलं. म्हणून आम्ही दोघी जळगावहून धुळ्याला निघालो.

मना खिया म्हणजे माझा खिळा. अक्कांच्या तापीकाठच्या गावात पूल होण्याआधी नाव चालायची. लेक पहिल्यांदा सासरी निघाली की तिचा भाऊ नावेच्या काठावर एक पितळी खिळा ठोकायचा. अक्कांचा ठोकला नानांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी. तेव्हा ते शाळकरी होते. आता नाना नाहीत आणि नाव धुळ्यातल्या एका छोट्या संग्रहालयात आहे.

महामार्ग चौपदरी झालाय, असं फलक सांगतात. एसटीत अक्कांना तिकीट माफ, मला अर्धं. खड्डे दोघींना पूर्ण. धुळ्यात उतरल्यावर आधी शेवभाजी खाऊन घ्या. संग्रहालय पाहिल्यावर भूक मरते.

पांझरेचा पूल ओलांडून रिक्षा देवपुरात पोचली. दालनात तीन नावा. एका ओंडक्यातून कोरलेल्या दोन डोंग्यांपैकी एकात झाडू आणि फिनेलची बाटली सुखानं नांदत होती. तिसरी आमची. अंगभर आकाशी ऑइलपेंट आणि पाटी: 'नौकाविहाराची होडी'. विहार! बैल, कडबा आणि रडणाऱ्या नवऱ्या वाहून नेणारी नाव ती.

अक्कांनी काठावरून तळवा फिरवला. रंगाच्या थरात एकही खिळा लागेना.

"वहिनी, बठ्ठं बुजी टाकं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, वस्तूला हात लावू नका," रखवालदार म्हणाला.

"तुम्ही ब्रश लावलेला चालतो?" नन्सच्या शाळेत शिकलेय, राग आला की आवाज खाली आणि वाक्य पूर्ण.

"उद्घाटनाला साहेब येणार होते, म्हणून रंगवली."

"साहेबांनाही रंगवलं का?"

तो वरमला. "पण मॅडम, मागची बाजू तशीच आहे. भिंतीकडे कोण बघतं?"

अक्का तोवर नऊवारी आवरून नाव आणि भिंतीच्या फटीत आडव्या शिरल्याही होत्या. रखवालदार "अक्का, तिकडे जायचं नाही" म्हणत राहिला. मी मोबाइलचा उजेड धरला. काळ्या लाकडावर पितळी खिळ्यांची रांग होती.

"हाऊ मना शे. वाकडा," अक्का म्हणाल्या. "नानानी ठोकेल शे. रडू रडू ठोका, घाव बसना अंगठावर."

नानांच्या अंगठ्यावरच्या त्या खुणेबद्दल मला आयुष्यभर सांगण्यात आलं होतं, की क्रिकेटचा चेंडू लागला. मीही खिळ्यावरून बोट फिरवलं. रखवालदार दुसरीकडे बघत होता.

घरी येऊन तक्रार लिहायला बसले. दोन ओळी झाल्या आणि पेन खाली ठेवलं. तक्रारीची दखल घेतली गेली, तर ते उरलेली बाजूही रंगवतील. अक्कांचं ऑपरेशन नीट झालं. आता त्यांना तो खिळा पुन्हा, स्वच्छ बघायचा आहे.

तुम्ही गेलात तर भिंतीकडच्या फटीतून बघा. आणि तिथे कुणाजवळ कौतुक करू नका.