पिशवी नायगावला, मी नांदेडला

आजारी माणसानं आजारी दिसलंच पाहिजे असा कायदा हाय का? बसमध्ये जागा मागितली की लोक तोंडाकडं बघतात. "आजी, तुम्ही तर ठणठणीत दिसता!" अरे बाबा, आमवात सांध्यात असतो, तोंडावर न्हाई. तोंड माझं पहिल्यापासून धडधाकट हाय.

असो, राम राम. मी उमरीची. बचत गटाच्या बायकांना ज्वारीचे पापड, कुरडया शिकवायला गावोगाव जाते. महिन्याला चार फेऱ्या, आणि दर फेरीनंतर चार-पाच दिवस अंथरुणात. म्हणजे महिना संपला. यावेळी किल्लारीला निघाले तर माझा लेक बालाजी दारात आडवा. "आई, अर्ध्या वाटेतून तुझा फोन आला ना, तर तुझं फिरणं कायमचं बंद."

"हाव," म्हटलं. मान्य न करून करते काय?

नांदेडच्या स्टँडवर तोबा गर्दी. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली रीत, पण रुमालाला हल्ली कुणी विचारत न्हाई. म्हणून मी गोळ्यांची पिशवीच सीटवर भिरकावली. दाराकडं वळले. माझे गुडघे दारापाशी पोचेस्तोवर गाडी निघून गेली.

चहावाले युसूफभाई म्हणाले, "अम्मा, ती देगलूरची होती. लातूरची अजून लागलीच न्हाई."

"मग बोलला का न्हाईत?"

"तुम्ही इतक्या हुकमानं फेकली, मला वाटलं कुणाचा डबा पोचवून राहिल्या."

झालं! दुपारची गोळी त्या पिशवीत. ती चुकली तर उद्या बोटं उघडणार न्हाईत, अन् वळल्या मुठीनं पापड कोण लाटतं? घरी फोन करावा तर फिरणं बंद. युसूफभाईंनी टपरीमागचं बाकडं रिकामं करून दिलं. मी पदर तोंडावर घेतला अन् सरळ आडवी झाले. भर स्टँडात. लाज वाटली, पण थोडीच.

तेवढ्यात बालाजीचा फोन.

"आई, कुठं हायस?"

"प्रवासात."

"तुझी पिशवी नायगावला हाय! कंडक्टरनं आतल्या चिठ्ठीवरचा माझा नंबर लावला. म्हणतो, आजी गाडीत न्हाईत, पिशवी एकटीच आलीय. माझं काळीज थांबलं की गं! अन् ठरलं होतं ना, फोन आला तर बंद?"

"मी केला का फोन? पिशवीनं केला. तिचं फिरणं बंद कर."

पलीकडं सूनबाई इतकी हसली की बालाजीला रागवताच आलं न्हाई.

परतीच्या गाडीनं पिशवी आली, तोवर माझी दोन-अडीच तास पाठ टेकून झाली होती. भजी खाल्ली, गोळी घेतली, लातूरची गाडी धरली. बायकांना अर्धं तिकीट हाय, पण सीट मधली धरा. मागं बसलात तर हाडांची मळणी होते. अहमदपूरला गाडी थांबली की उतरून चार पावलं चाला, न्हाईतर गुडघे गंजतात.

मुक्काम लातूरला, गटातल्या सुशीलाबाईकडं. तिच्याकडं पाणी रोज येत न्हाई. आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, उरलं तर अंगण. मी तिच्या हंड्यांकडं बघत बसले. अंगातल्या ताकदीचं माझं बाई उलटं: आधी अंगणच धुते, मग प्यायला टिपूस न्हाई.

सकाळी जीपनं किल्लारी. बोटं उघडत होती! बाकड्याची कृपा. मग मी गेल्या गेल्या फर्मान सोडलं, "खाट टाका."

"अगं बया, मावशी, दुखणं जास्त हाय का?"

"जास्त होऊ न्हाई म्हणूनच पडतेय. तुम्ही लाटा."

दोन दिवस मी खाटेवरून नुसती ओरडले. "ए संगीता, तो पापड हाय का घोंगडी?" बायका हसून हसून पिठात पडायच्या राहिल्या. पण पापड? कागदासारखे. उगाच बारा वर्षं उभी राहून शिकवलं.

घरी येऊन दोनच दिवस अंथरुणात. थकल्यावर पडणं हे दुखणं, थकायच्या आधी पडणं हे काम, एवढं या फेरीतून कळलं. चारच्या फेऱ्या कमी करायच्या हे मलाही पटलंय, आता भांडण आकड्यावर अडलंय. बालाजी म्हणतो महिन्याला एक फेरी, मी म्हणते दोन, आणि मी हटणार न्हाई.

तर खाली लिहा, किती फेऱ्या झेपतात. पण ज्याचं स्वतःचं अंग दुखतं आणि तरी जो कामासाठी फिरतो, त्यानंच उत्तर द्यायचं. लेकांनी तोंड उघडायचं न्हाई.